पहिला टॅकल सीझन: एका मराठी घराचं प्रकरण

हे प्रकरण कॅलिफोर्नियात ईस्ट बे भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि मुलाला इथे सोनू म्हणतेय. माझा स्वतःचा मुलगा चार सीझन टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला धडकून खाली पाडायचा तो अमेरिकन फुटबॉल, खेळलाय त्यामुळे आमच्या भागात नव्याने मूल घालणारे आपले लोक बरेचदा मलाच फोन करतात. मी डॉक्टर नाही, कोच नाही, चार वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहून दहा यार्ड मोजायची चेन धरलेली आणि स्नॅक बारवर ड्यूटी केलेली आई आहे. या प्रकरणात एक मोठी चूक माझी आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

सोनू अकरा वर्षांचा, सहावीत जाणार होता. वजन ७८ पौंड म्हणजे साधारण पस्तीस किलो, अंगाने काटकुळा पण पायाने भलताच चपळ. जन्म इथलाच. आई लॅबमध्ये काम करते, बाबा सॉफ्टवेअरमध्ये, मूळचे सांगलीचे आणि कॉलेजात असताना विद्यापीठाच्या टीममधून कबड्डी खेळलेले, राईट कॉर्नर. घरात क्रिकेट बघितलं जायचं, अमेरिकन फुटबॉल म्हणजे फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे त्यांच्या फायनलच्या दिवशी कुणाकडे तरी जेवायला जायचं एवढंच, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं हे सुद्धा दोघांना माहीत नव्हतं.

मे महिन्यात सोनूचे दोन जिवलग मित्र टॅकलच्या टीममध्ये गेले आणि सोनूने घरात धोशा लावला. आईचा मला फोन आला, पहिलंच वाक्य, "ताई, तू तुझ्या मुलाला कसं काय घातलंस गं?" त्या प्रश्नात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

नेमका प्रश्न काय होता

वरवर प्रश्न एकच, खेळू द्यायचं की नाही. पण तिघांशी बोलल्यावर कळलं की तिघांचे प्रश्न वेगवेगळे होते आणि एकाला दुसऱ्याचा माहीतच नव्हता. आईचा प्रश्न होता मेंदूचा. बाबांचा असा की पोरगं मऊ राहू नये, इथल्या पोरांत मागे पडू नये, आणि खोल कुठेतरी असं की मी खेळलो तसं यानेही काहीतरी अंगाला माती लागणारं खेळावं. सोनूचा प्रश्न अगदी साधा, मित्र लंचला बसून ज्या गोष्टी बोलतात त्यात मी नाहीये.

नवीन पालक आले की मी आधी तिघांचे हे प्रश्न वेगवेगळे करून घेते, कारण हेल्मेट कुठलं घ्यायचं यावर दोन तास बोलणारे आईवडील खरं तर वेगळ्याच गोष्टीवर भांडत असतात. इथे मी ते केलं, पण बाबांच्या बाबतीत अर्धवट केलं. त्यांना खेळाबद्दल काय वाटतं ते विचारलं, दुखण्याबद्दल काय वाटतं ते विचारलंच नाही.

पर्याय

चार पर्याय टेबलावर होते. सरळ नाही म्हणणं. एक वर्ष फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढायची तो प्रकार. याच वर्षी टॅकल. किंवा हायस्कूलपर्यंत थांबणं.

आईने बरंच वाचलं होतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा २०१८ चा अभ्यास तिच्या हातात होता, ज्यांनी बारा वर्षांच्या आधी टॅकल सुरू केलं त्यांच्यात विचारशक्तीचे आणि वागण्याचे त्रास सरासरी तेरा वर्षं लवकर सुरू झाले असं त्यात आहे. मी तिला म्हंटलं हे खरंय पण तो अभ्यास दान केलेल्या मेंदूंवरचा आहे, मेंदू दान होतात ते बहुतेक घरच्यांना आधीच काहीतरी बिनसलेलं दिसलं म्हणून, त्यामुळे सगळ्या मुलांचं असंच होईल असा त्याचा अर्थ नाही. मग मी तिला सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, २०२१ चा अभ्यास दाखवला, तो मला या वयासाठी जास्त उपयोगाचा वाटतो कारण त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्याला एका सीझनमध्ये किती धक्के बसतात ते सेन्सर लावून मोजलंय. टॅकल खेळणाऱ्या मुलांत मधला आकडा ३७८, फ्लॅग खेळणाऱ्यांत ८. यातले बहुतेक धक्के कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला झालेली इजा, नसतात, हे मी लगेच सांगितलं, पण ३७८ आणि ८ यातलं अंतर पाहून ती गप्प झाली आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पण झाले होते, माझ्या मुलाचे दोन सीझन तोवर होऊन गेले होते.

माझं मत मी स्पष्ट दिलं, एक वर्ष फ्लॅग. पळणं, पास पकडणं, मैदान वाचणं सगळं शिकता येतं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅगच खेळवणार आहेत, म्हणजे तो काही कमी दर्जाचा खेळ नाही. आणि उशीर होईल ही भीती तर मनातून काढूनच टाका. आपल्या शेजारच्या सॅन मटेओचा प्रसिद्ध खेळाडू टॉम ब्रेडी पहिल्यांदा टॅकल खेळला तो थेट हायस्कूलच्या नवव्या इयत्तेत, आणि पुढे सात सुपर बोल जिंकला.

बाबांनी ऐकून घेतलं, सोनूने ऐकून घेतलं, आणि आठवडाभराने त्यांनी ठरवलं टॅकल, याच वर्षी. मित्र तिथे होते, आणि आई शेवटी "अटींवर हो" म्हणाली. मला ते पटलं नव्हतं पण निर्णय त्यांचा होता आणि एकदा निर्णय झाल्यावर "मी सांगितलं होतं" अशा चेहऱ्याने मदत करायची नसते, म्हणून मी सहा आठवड्यांची तयारी त्यांच्यासोबत करायला बसले.

टीम कशी निवडली

घरापासून वीस मिनिटांच्या आत दोन टीम होत्या. कॅलिफोर्नियात यूथ टॅकलसाठी कायदा आहे, २०१९ मध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्याच्यात पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे आठवड्यात दोनच दिवस फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे खरोखर धडकायची प्रॅक्टिस, त्या दिवशीही तीस मिनिटांच्या वर नाही, सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचे किमान दहा तास बिनकॉन्टॅक्टचे, हेल्मेट दर दुसऱ्या वर्षी दुरुस्त होऊन पुन्हा प्रमाणित झालेलं हवं, आणि मॅचला ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित माणूस, किंवा त्याहून वरचा वैद्यकीय माणूस हजर हवा ज्याला मुलाला बाहेर काढायचा अधिकार आहे. हा कायदा बहुतेक पालकांनी वाचलेला नसतो, रजिस्ट्रेशनच्या कागदांत कुठेतरी असतो आणि आपण सही करून मोकळे होतो.

मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले आणि दोन्ही कोचना तेच विचारायला सांगितले. कॉन्टॅक्ट किती मिनिटं आणि ते घड्याळ लावून कोण बघतं? मुलांच्या जोड्या लावताना वजन बघता का? हेल्मेटवरचा तपासणीचा शिक्का दाखवाल का? आणि मूल म्हणालं मी ठीक आहे पण तुम्हाला शंका आहे, तर शब्द कुणाचा चालतो?

पहिल्या टीमचा कोच गोड माणूस, पण जोड्यांच्या प्रश्नावर हसून म्हणाला की पोरांना समोरासमोर उभं करून धडकवल्याशिवाय कोण वाघ कोण शेळी कळत नाही. म्हणजे जुनी ओक्लाहोमा ड्रिल. एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, स्वतःच्या प्रॅक्टिसमधून ती २०१९ मध्ये बंद केली, मोठ्या पगारी पुरुषांना जी नको ती पस्तीस किलोच्या पोराला कशाला? दुसऱ्या टीमची कोच जरा तुसडी वाटली, बोलायला वेळ नव्हता, पण शिक्का दाखवला, वजनाची यादी दाखवली आणि चौथ्या प्रश्नावर म्हणाली माझ्या शंकेचा शब्द शेवटचा. दुसरी टीम घेतली. सोनूचे मित्र पहिल्या टीममध्ये होते. हे वाचायला सोपं वाटतं पण ज्या कारणासाठी पोरगं खेळायला निघालं तेच कारण त्याच्याकडून काढून घेतलं, दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर बोलला नाही. आईने त्याला सगळं खरं सांगितलं, कुठला कोच काय म्हणाला ते, आणि विचारलं आता खेळायचंय का. तो तिसऱ्या दिवशी हो म्हणाला.

जून-जुलैची तयारी

आधी डॉक्टरकडून तपासणी. मग हेल्मेट. हेल्मेट लीगने दिलं होतं, पण बसवून घेणं आपलं काम, कारण पन्नास मुलांच्या रांगेत कोणी वेळ देत नाही. पुढची कड भुवयांच्या वर साधारण एक इंच, जबड्याचे पॅड गालाला लागलेले, हनुवटीचे चारही पट्टे लावून मग फेसमास्क धरून हेल्मेट डावीउजवीकडे फिरवायचं, कपाळाची कातडी हेल्मेटसोबत हलली तर बसलंय, कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल आहे. माऊथगार्ड गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचं, सोनूने पहिलं चावून चावून तीन दिवसांत संपवलं, म्हणून दोन जास्तीची. शूज रबरी स्टडचे, धातूचे नाहीत.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे जातो आणि अंगावर पॅड चढवले की घाम बाहेर पडायला जागा राहत नाही. म्हणून जुलैपासूनच संध्याकाळी पाच वाजता, उन्हात, पण थोडं थोडं पळणं वाढवलं. पाणी तहान लागायच्या आधी. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी थर्मासमध्ये, हे आईने स्वतःहून सुरू केलं आणि नंतर अर्धी टीम तेच मागायला लागली.

मानेसाठी बाबांना तालमीतला पूल शिकवायचा होता, डोकं जमिनीला टेकवून मागे कमान करतात तो. माझ्या ओळखीच्या फिजिओने स्पष्ट नाही सांगितलं, या वयात, शिकवणारा वस्ताद समोर नसताना, नको. त्याऐवजी आपलाच तळवा कपाळाला, मग दोन्ही बाजूंना, मग मागे लावून मानेने दहा सेकंद दाबून धरायचं, रोज दोन वेळा. मान मजबूत असल्याने कन्कशन टळतंच अशी खात्री कुणी देत नाही, मदत होऊ शकते इतकंच, पण पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मग कबड्डी. बाबांनी मागच्या अंगणात गवतावर त्याला पडायला शिकवलं, हनुवटी छातीला लावून, गोल होऊन, हात न टेकता, आणि ते इतकं सुंदर शिकवलं की मी माझ्या मुलाला घेऊन गेले बघायला. पायांची हालचाल पण तशीच. पण त्याच्यासोबत त्यांनी घोट्याची पकड पण शिकवली, कॉर्नरवरून खाली झेपावून घोटा धरायचा तसं, आणि तिथे डोकं आधी खाली जातं. कबड्डीत ते चालून जातं, इथे समोरून गुडघा आणि हेल्मेट येतात, डोक्याचा माथा पुढे करून धडकलं की सगळा भार मानेवर. टॅकलमध्ये नजर वर, खांदा लावायचा, डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला, हात गुंडाळायचे आणि पाय चालवत राहायचे. पहिल्या कॉन्टॅक्ट प्रॅक्टिसला कोचने सोनूला दुसऱ्याच मिनिटाला थांबवलं, "हे खाली जाणं कुणी शिकवलं?" बाबा कडेला उभे होते. ते काही बोलले नाहीत, घरी येऊन त्यांनी स्वतःच दोन आठवडे बसून उशीवर खांदा लावायची सवय करून घेतली त्याच्याकडून. मला हे फार आवडलं, खूप बापांना हे जमत नाही.

फ्रिजवर चार अटी लागल्या. डोकं, मान, दृष्टी यातलं काहीही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं. मैदानावर हेल्मेटवर दोनदा टपली म्हणजे मला बाहेर घ्या. वजनासाठी जेवण सोडायचं नाही किंवा ठासायचं नाही. आणि कुणालाही, म्हणजे तिघांपैकी कुणालाही, कधीही पुरे म्हणता येईल. आम्हाला वाटलं तयारी झाली.

सहावा आठवडा

मंगळवारी गणपतीसाठी सोनूचे केस कापले, बारीक. गुरुवारी प्रॅक्टिसमध्ये साधा खेळ चालू असताना तो मागे पडला आणि डोक्याची मागची बाजू टर्फवर आपटली. मोठी धडक नव्हती. तिथे असलेल्या मदतनीस कोचने विचारलं ठीक आहेस का, सोनू म्हणाला हो, आणि पुढची दहा मिनिटं खेळला. टपली मारली नाही. शुक्रवारी शाळेत गेला. शनिवारी सकाळी मॅच खेळला, पूर्ण.

शनिवारी संध्याकाळी मंडळाचा गणपती होता. सोनू दोन वर्षं मुलांच्या गटात ताशा वाजवतो, महिनाभर आधीपासून टेबलावर बोटं बडवत असतो. पथक सुरू झालं आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, आईला म्हणाला मी गाडीत बसू का. आईने सांगितलं की तिला त्या क्षणी कळलं. घरी येऊन विचारल्यावर गुरुवारचं सगळं बाहेर आलं, डोकं दुखतंय, शाळेत फळ्यावरचं नीट लागत नव्हतं, सकाळी मॅचमध्ये प्ले, म्हणजे ठरलेल्या चाली, आठवत नव्हते. रात्री साडेनऊला मला फोन.

मी आधी धोक्याच्या खुणा विचारल्या, परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी, बोबडं बोलणं, झटके, उठवून न उठणं, यातलं काही असतं तर थेट इमर्जन्सीत. काही नव्हतं. डॉक्टरांच्या रात्रीच्या नर्स लाईनला फोन केला, घरी ठेवा आणि लक्ष ठेवा म्हणाले, सोमवारी डॉक्टरांनी बघितलं आणि कन्कशन असल्याचं सांगितलं.

मला झोप लागली नाही त्या रात्री, ती गुरुवारमुळे नाही, शनिवार सकाळच्या मॅचमुळे. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित पण फार भयंकर होऊ शकतं. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा मार लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरला आणि त्याचं आयुष्यच बदलून गेलं, त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०१४ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत तसे कायदे आले. शंका असेल तर त्या दिवशी बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत नाही. कायदा होता, कोच चांगली होती, अटी फ्रिजवर होत्या, आणि तरी पोरगं खेळलं.

त्याने सांगितलं का नाही

सोनूला बाबांनी चिडून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पण बाबा, मी बेशुद्ध कुठे पडलो होतो?" त्याच्या डोक्यात कन्कशन म्हणजे बेशुद्ध पडणं. बहुतेक कन्कशनमध्ये मूल शुद्धीवरच असतं, हे आम्ही मोठे तिघेही जाणून होतो आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं कारण दोन दिवसांनी बाहेर आलं. बाबांची एक गोष्ट आहे, घरातली आवडती. झोनल मॅचमध्ये भुवई फुटली, रक्त डोळ्यात येत होतं, रुमाल बांधून पूर्ण मॅच खेळले आणि शेवटच्या चढाईत पकड केली. जुलैत अंगणात शिकवताना ही गोष्ट तीनचार वेळा सांगून झाली होती. फ्रिजवर लिहिलेलं होतं लगेच सांग, आणि बाबांच्या तोंडून ऐकलेलं होतं रुमाल बांधून खेळ. पोराने कागदापेक्षा बापाला मानलं, आणि पोरं मानणारच.

तो घरी पडून होता तेव्हा सांगलीहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजीला सगळं कळलं होतं, सोनूने तिला विचारलं, आजी, बाबांना पण लागलं होतं ना, ते खेळले ना. आजी म्हणाली, "खेळला की. आणि त्या रात्री घरी येऊन मला चार वेळा विचारलं त्याने, आई, मॅच कोण जिंकलं? मी सांगायचे, परत विचारायचा. रात्रभर उशाशी बसले होते मी." बाबा खोलीतच होते. त्यांना हे आठवतच नव्हतं. पकड आठवते ती सुद्धा लोकांनी सांगितलेली आठवते, हे त्यांना चाळीशीत, त्या कॉलवर पहिल्यांदा कळलं.

त्या संध्याकाळी त्यांनी सोनूला ती गोष्ट परत सांगितली, या वेळेला आजीच्या उशाशी बसण्यापर्यंत पूर्ण.

परत उतरायचं की नाही

दोन दिवस शांत, स्क्रीन जवळजवळ बंद, मग हळूहळू चालणं. शाळा आधी अर्धा दिवस, पीई म्हणजे खेळाचा तास नाही. आधी शाळा पूर्ण जमली पाहिजे आणि मगच खेळ, हा क्रम. नवव्या दिवशी त्रास गेला. इथल्या नियमाने कन्कशन ठरल्यावर परतीच्या पायऱ्या किमान सात दिवसांच्या लागतात, हलका व्यायाम, मग पळणं, मग बिनधडकेची ड्रिल, मग कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस, शेवटी मॅच, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस आणि त्रास झाला की एक पायरी मागे. लेखी परवानगी मिळेपर्यंत सव्वातीन आठवडे गेले आणि सीझनच्या दोन मॅच उरल्या.

आता आई आणि बाबा दोघंही थांबू या म्हणत होते आणि सोनू खेळू द्या. तीन पर्याय होते, सोडणं, टीमसोबत राहून फक्त बिनकॉन्टॅक्ट प्रॅक्टिस, किंवा परवानगी आहे म्हणून खेळणं. मला मधला पर्याय बरोबर वाटत होता आणि अजूनही वाटतो. आईने सोनूला विचारलं तुला का खेळायचंय, तर तो म्हणाला मला टपली मारून दाखवायचीय की मला येते. अकरा वर्षांच्या मुलाचं उत्तर आहे ते. त्यावरून निर्णय घ्यावा का हे मला ठरवता आलेलं नाही, त्यांनी घेतला. हेल्मेट आधी परत बसवून घेतलं, बारीक केसांवर ते चांगलं बोटभर फिरत होतं.

निकाल

पहिली मॅच नीट गेली. शेवटच्या मॅचच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये सोनू ढिगाऱ्यातून उठला आणि हेल्मेटवर दोनदा टपली मारली. डोकं जड वाटतंय म्हणाला. ईएमटीने बघितलं आणि शंका म्हणून त्या दिवसापुरतं बाहेर, नियमाप्रमाणे. टीम शेवटच्या मिनिटाला जिंकली, सगळी पोरं मैदानात धावली आणि सोनू पॅड काढून बेंचवर बसलेला. गाडीत तो खूप रडला. बाबा गाडी बाजूला घेऊन मागच्या सीटवर त्याच्याशेजारी जाऊन बसले, काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तपासलं, कन्कशन नव्हतं, बहुधा ऊन आणि पाणी कमी.

डिसेंबरमध्ये हेल्मेट परत केलं. वसंतात तो फ्लॅग खेळला, जुन्या दोन मित्रांपैकी एक त्याच्यासोबत आला, दुसरा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझी चूक आधी. मी पालकांना सांगितलं होतं की ईएमटी असतो, कोच बघते. ते मॅचचं आहे. प्रॅक्टिसला वैद्यकीय माणूस असेलच असं नाही, आणि मुख्य कोच त्या क्षणी दुसऱ्या टोकाला असते. आता मी पाचवा प्रश्न देते, प्रॅक्टिसला, मुख्य कोचचं लक्ष नसताना, मुलाला कोण बाहेर काढणार, त्या माणसाचं नाव सांगा.

लक्षणांचं पत्रक इंग्रजीत होतं आणि ते मोठ्यांनी वाचलं. आता मी मुलाला समोर बसवून त्याच्या भाषेत विचारते, डोकं जड, आवाज टोचतो, उजेड टोचतो, वर्गात एकच ओळ परत परत वाचावी लागते, उगाच चिडचिड, यातलं काही झालं तर काय करशील, आणि त्याच्याकडून उलट ऐकते. लक्षणं दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पण येतात हेही. मार लागल्यावर घरी दोन दिवस कोण काय बघणार हे आधीच वाटून घ्यायला सांगते.

केस कापले की हेल्मेट पुन्हा बसवायचं. ते सैल नसतं तर काही झालंच नसतं असं मी म्हणणार नाही, हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच, पण सैल हेल्मेट घालून पोरगं पाठवायला काहीच कारण नव्हतं.

आणि आता पहिल्या भेटीतच मी दोघांनाही विचारते, तुम्ही लहानपणी दुखापतीत खेळल्याची कुठली गोष्ट घरात सांगता? बहुतेकांकडे असते. कुणी पायाला टाके असताना क्रिकेटची फायनल खेळलेलं असतं, कुणी ताप लपवून गॅदरिंगला नाचलेलं असतं. ती पूर्ण सांगा म्हणते, दुसऱ्या दिवशी काय झालं तिथपर्यंत, आणि तुम्हाला आठवत नसेल तर तुमच्या आईला विचारा.

या जूनमध्ये रजिस्ट्रेशनचा ईमेल परत आला. आई नाही म्हणतेय, बाबा म्हणतात हायस्कूलला बघू, सोनूने अजून उत्तर दिलेलं नाही. चार अटींचा कागद फ्रिजवर तसाच आहे, खाली सोनूच्या अक्षरात पाचवी ओळ लिहिलेली आहे, बेशुद्ध पडावं लागत नाही.